डोळ्यांखालचा सातबारा

शनिवार उजाडला की अर्धी मुंबई विश्रांतीसाठी आमच्या राजोडीला येते. अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब अशी ही एकाला एक लागून असलेली किनाऱ्यावरची गावं. पुढे समुद्र, मग सुरूचं बन आणि मागे केळीच्या, पानवेलीच्या, फुलांच्या वाड्या. मंडळी गाड्या भरभरून येतात, दिवसभर रिसॉर्टच्या पाण्यात डुंबतात, रात्री स्पीकर लावून नाचतात, पहाटे कधीतरी आडवी होतात आणि रविवारी संध्याकाळी 'काय फ्रेश वाटतंय इथे!' असं म्हणत परत जातात. त्यांच्या त्या विश्रांतीच्या दणदणाटात मी शनिवारची रात्र आढ्याकडे बघत काढतो आणि सोमवारी भल्या पहाटे उठून, ते ज्या शहराला कंटाळून इथे आले होते, त्याच शहरात नोकरीला जातो. तेव्हा समुद्राच्या हवेवर राहणाऱ्या माणसाचे डोळे टवटवीत असणार, अशी तुमची समजूत असेल तर एकदा आमच्याकडे चहाला या. मी समोर येऊन बसेन. पुढचं आपोआप कळेल.

माझ्या डोळ्यांखाली काही वावगं आहे, हे मला स्वतःला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. आमच्या घरातला आरसा न्हाणीघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दाढी करताना चष्मा काढून ठेवलेला आणि आपल्याकडे कोणी निरखून बघावं हे वय तर केव्हाच उलटलेलं. पण लोकांच्या बोलण्यावरून मला शंका यायला लागली. ऑफिसात नव्याने लागलेल्या शिपायाने सकाळी दहाच्या सुमारास 'साहेब, रात्रपाळी संपली नाही का अजून?' असं काळजीने विचारलं. एका रिक्षावाल्याने मी काही न सांगता रिक्षा दवाखान्यापाशी उभी केली. आणि मागे एकदा शेजाऱ्यांना सोबत म्हणून मी आगाशीला त्यांच्या कुणा लांबच्या नातेवाइकांकडे समाचाराला गेलो होतो, गेलेल्या माणसाचं धड नावही मला माहीत नव्हतं, तर तिथे येणारा जो तो घरच्या मुलाला ओलांडून थेट माझ्यापाशी यायचा, माझे दोन्ही हात हातात घ्यायचा आणि 'आता तुम्हालाच खंबीर राहायला हवं' असं सांगायचा. मी राहिलो. निघताना एका काकांनी मला तेराव्याला किती पानं होतील ते विचारलं.

हे असंच चालून गेलं असतं. पण ताईच्या मुलीचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न लागलं की मार्गशीर्षात मुहूर्त. आता आपल्याकडच्या लग्नात मुलीच्या मामाला तसं काम एकच. सगळी तयारी होते, अंतरपाट धरला जातो आणि गुरुजी माइकवरून पुकारा करतात की मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. तेवढं घेऊन यायचं. पण हल्ली त्या तेवढ्या चालण्यावर दोन कॅमेरे पुढून, एक बाजूने आणि एक डोक्यावर भिरभिरत असतो. फोटोग्राफरने म्हणे आधीच घरच्या मंडळींचे फोटो मागवले होते. माझा बघून त्याने भाचीला विचारलं की यांना बाजूने घेतलं तर चालेल का. मग भाचीचा मला फोन आला.

'मामा, रागावू नकोस हं. पण तुझ्या डोळ्यांचं काहीतरी कर ना. नाहीतर व्हिडिओत तू मला मांडवात घेऊन चाललायस की पोचवायला, हेच कळायचं नाही.'

एकुलत्या एका भाचीने इतक्या प्रेमाने सांगितल्यावर कोणता मामा स्वस्थ बसेल? त्या रात्री मी चष्मा घालून, आरसा ट्यूबलाइटखाली धरून स्वतःला पहिल्यांदा नीट बघितलं. डोळ्यांभोवती काळं वर्तुळ, वर्तुळाखाली फुगीर पिशवी आणि पिशवीखाली पुन्हा तिची स्वतःची सावली. मी दचकून आरसा पालथा ठेवला. तेरावं कोणाचं ते आत्ता कळलं.

सुरुवात काकडीपासून झाली, कारण भाद्रपद होता आणि भाद्रपदात आमच्याकडे काकड्यांना तोटा नसतो. वाडीवाले शेजारी नको नको म्हणेपर्यंत आणून देतात. काकडीत पंच्याण्णव टक्के पाणी, ती गार असते, गारव्याने सूज उतरते, इतपत शास्त्र मी कुठेसं वाचलं होतं. मुहूर्त मात्र जरा चमत्कारिक साधला गेला. पितृपंधरवडा चालू होता आणि घरात बाबांची तिथी होती. सकाळपासून खीर, वडे, अळूवड्या, गवारीची भाजी असा रगाडा उपसणं चाललं होतं आणि मी स्वयंपाकघरात शिरून काकडीच्या दोन चकत्या मागितल्यावर सौभाग्यवतींनी माझ्याकडे असं बघितलं की मी चकत्या घेऊन सरळ सुरूच्या बनात गेलो. पाऊस उघडला होता, वारा छान सुटला होता. घरी अंगणात बाबांचं पान वाढून ठेवलेलं आणि सगळे जण कावळ्याची वाट बघत उपाशी ताटकळलेले, एवढा वेळ आपल्याला मिळेल असा हिशेब करून मी एका सुरूखाली टॉवेल अंथरला, डोळ्यांवर चकत्या ठेवल्या आणि पडलो.

कावळा शिवायला त्या दिवशी तासभर लागला. घरी नाही, बनात. घरच्या पानावरची खीर, वडे, अळूवड्या यांतल्या कशालाही न शिवता तो थेट समुद्रावर आला, माझ्या छातीवर उतरला, उजव्या डोळ्यावरची चकती चोचीत धरून क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि उडून गेला. मी बोंब मारली ती किनाऱ्यावर सेल्फी काढणाऱ्या मंडळींनी व्हिडिओत पकडली, ते सोडा. घरी येऊन मी ही हकीकत सांगितली तर हिने चटकन हात जोडले.

'बाबाच ते. जेवायच्या आधी काकडीची कोशिंबीर पुढ्यात लागायची त्यांना. बसा आता पानावर सगळे.'

मी पानावर बसलो आणि समोर भिंतीवरच्या हार घातलेल्या बाबांकडे पाहिलं. तेच वर्तुळ. तीच पिशवी. पिशवीखाली तीच सावली. उजवीकडची जरा मोठी, माझीही उजवीकडचीच मोठी. कावळ्याने नेमकी तीच का निवडली, हे मला तेव्हा उमगलं. बाबा आपला माल जागेवर आहे ना, ते बघून गेले होते.

बाबांनी हा ऐवज कष्टाने कमावलेला होता. वाडीतली फुलं, पालेभाजी, केळीची पानं रात्रीच टोपल्यांत भरायची आणि पहिल्या गाडीने दादरच्या बाजारात पोचवायची, हा त्यांचा जन्मभराचा शिरस्ता. आमच्या भागाचं हे जागरण तसं जुनंच आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी मुंबईची पहिली उपनगरी गाडी सुटली ती विरारहूनच बॅकबेला, सकाळी पावणेसातला. म्हणजे डोळे चोळत स्टेशन गाठणाऱ्या विरारकराची परंपरा दीडशे वर्षांच्या वरची. बाबा गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या भावाला वाडी मिळाली, मला राहतं घर मिळालं आणि ताईने दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन हसतमुखाने हक्कसोड पत्रावर सही केली. पुढे तलाठ्याकडे फेरफार झाला, सातबाऱ्यावर नावं चढली. भावाकडे आजही केळीला घड लागतात. माझ्याकडे डोळ्यांखाली पीक येतं, तेही बारमाही.

वडिलोपार्जित म्हणून सोडून द्यावं तर लग्न तोंडावर. मग कोणीतरी सांगितलं की चहाच्या पिशव्या गार करून डोळ्यांवर ठेवायच्या; चहातल्या कॅफीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि काळेपणा कमी दिसतो. आता आमच्या घरात चहाच्या पिशव्या कुठून असणार? पण चहा म्हणजे चहा, असं म्हणून मी दुपारच्या पातेल्यातला चोथा गाळण्यातून रुमालात काढला, त्याच्या दोन पुरचुंड्या बांधल्या आणि डोळ्यांवर ठेवून ओटीवर पहुडलो. त्या चोथ्यात आलं ठेचून घातलेलं होतं, परसातला गवती चहा होता आणि आमच्याकडे साखर पाण्यातच उकळतात. आलं पाचव्या मिनिटाला झोंबायला लागलं. झोंबतंय म्हणजे काम करतंय, असं स्वतःला बजावत मी दात आवळून पडून राहिलो. मग कपाळावर हुळहुळायला लागलं, मग कानशिलावर, मग नाकाच्या शेंड्यावर, आणि रक्तवाहिन्या आकसताना असंच होत असणार अशी माझी खात्री पटत असतानाच मुलगा बाहेरून आला आणि ओरडला, 'आई, बाबांना मुंग्या लागल्या!' राजोडीत ही बातमी मुंग्या गाळून पसरली. संध्याकाळपर्यंत लोक चौकशीला येत होते. त्यांना चहा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. मला ऑफिसात एक जाणकार भेटला. परदेशातले मॉडेल डोळ्यांखालची सूज उतरवायला मूळव्याधीचं मलम लावतात, त्यातल्या औषधाने फुगलेल्या शिरा आवळल्या जातात, ही माहिती त्याने इतक्या हलक्या आवाजात दिली की ती खरीच असणार, याबद्दल मला शंका उरली नाही. त्याच संध्याकाळी मी गावातल्या औषधांच्या दुकानात गेलो. दुकानासमोरच शेअर रिक्षाचा थांबा, त्यामुळे पायरीवर अर्धं गाव उभं असतं. मी पुढे वाकून दुकानदाराच्या कानात मलम मागितलं. दुकानदाराला एका कानाने कमी ऐकू येतं. मी तोच निवडला होता.

'मूळव्याधीचं? मोठी ट्यूब देऊ की लहान? रक्त पडतं का?'

'नाही हो, तसं काही नाही.'

'मग कोंब आहे का? सकाळी जाऊन आल्यावर लावायचं, स्वच्छ धुऊन.'

'अहो, मला डोळ्यांना लावायचंय!'

पायरीवरची कुजबूज बंद झाली. मग मागून कोणीतरी कळवळून म्हणालं, 'अरेरे, पार वर चढलेली दिसते.'

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू भलाथोरला सुरण घेऊन दारात उभ्या. आयुर्वेदात सुरणाला अर्शोघ्नच म्हणतात, म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा, हे त्यांनी मला दारातच, चांगल्या खणखणीत आवाजात समजावून सांगितलं. दुपारपर्यंत वाघोलीच्या आत्याकडून दुसरा सुरण आला, संध्याकाळी भावाने वाडीतला तिसरा पाठवला. आमच्याकडे मग आमसूल घालून सुरणाची भाजी, सुरणाचे काप, सुरणाची भजी आणि सुरणाचं सांबार असं सुरू झालं. मला काही झालेलं नाही हे मी ज्यांना ज्यांना सांगायला गेलो, त्या प्रत्येकाने 'लाजायचं कारण नाही' म्हणून माझी पाठ थोपटली.

खरा घाला पडला तो गाडीत. विरार लोकलच्या एका डब्यात आमचा ग्रुप आहे. वर्षानुवर्षं एकत्र भजनं म्हणून, एकमेकांच्या मुलांच्या मार्कांची चौकशी करून, दसऱ्याला डब्याला तोरण बांधून मी तिथे खिडकीशेजारची दुसरी जागा मिळवली होती. विरारला बसलं की वसईची खाडी यायच्या आत माझा डोळा लागायचा तो थेट अंधेरीला उघडायचा. दिवसातली माझी सलग झोप ती तेवढीच. त्या सोमवारी मी डब्यात शिरलो तर माझ्या जागेवर दुसराच कोणी बसलेला आणि सगळे माझ्याकडे अपार मायेने बघत होते. ग्रुपच्या म्होरक्याने उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

'आम्हाला सगळं कळलंय. तू आता आराम पडेपर्यंत बसायचं नाहीस. उभाच राहा.'

मी विरार ते चर्चगेट उभा राहिलो. रोज. भजनाच्या तालावर माझी मान पुढच्याच्या पाठीवर पडायची आणि तो चमकून मागे बघायचा. मलमाचं म्हणाल तर ते चुरचुरलं, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, त्या पुसून पुसून काळं होतं ते जांभळं झालं. डब्यातली मंडळी म्हणाली, बघा, वेदना सहन होत नाहीत बिचाऱ्याला.

या सुमाराला भाचीचा कुरिअर आला. आत अंगठ्याच्या पेरात मावेल एवढी बाटली, तिच्यात डोळ्यांखाली लावायचं क्रीम. किंमत मी पावतीवर वाचली आणि घडवंचीचा आधार घेतला. सोबत भाचीची चिठ्ठी होती: 'मामा, यात रेटिनॉल आहे. फक्त रात्री लावायचं. तांदळाच्या दाण्याएवढं. अनामिकेने, हळूच थोपटून, चोळायचं नाही. डोळ्याच्या अगदी कडेला नको. आणि आधी दोन दिवस हाताला लावून बघ, चालतं का.' इतक्या मोलाच्या वस्तूला तांदळाचा दाणा हे माप मला अपमानास्पद वाटलं. लग्नाला उरलेले दिवस आणि गेलेली वर्षं यांचा मेळ घातला तर दाण्यादाण्याने भागणार नव्हतं. मी शिताऐवजी मुदीचा हिशेब धरला. रात्री एक थर, सकाळी निघण्यापूर्वी एक थर, आणि वर उन्हात रिक्षाची वाट बघत उभं राहणं. अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं हे औषध जुन्या कातडीचे थर झपाट्याने उतरवतं. त्याने उतरवले. आठवडा संपायच्या आत डोळ्यांभोवतीची कातडी सोलली गेली, लालबुंद झाली आणि एका सकाळी तर दोन्ही डोळे तळलेल्या घारग्यांगत टम्म फुगून आले.

तशात ऑफिस गाठलं. तिथे हजेरीला अलीकडे चेहरा ओळखणारं यंत्र बसवलंय. त्याच्यासमोर उभा राहिलो. यंत्र म्हणालं, 'कृपया चेहरा दाखवा.' मी चष्मा काढला. 'कृपया चेहरा दाखवा.' मी केस मागे सारले, मान वर केली, खाली केली, ओळख पटावी म्हणून थोडं हसूनही पाहिलं. मागे रांग वाढत होती. यंत्राने तिसऱ्यांदा, त्याच मृदू बाईच्या आवाजात, चेहरा दाखवण्याची विनंती केली.

मी तोच दाखवत होतो.

हजेरी न लागल्याने पडलेल्या अर्ध्या दिवसाच्या रजेत ही मला धरून त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी मला पाहिल्यावर आधी पाणी मागवलं. स्वतःसाठी. मग डोळ्यांना आजवर काय काय लावलं ते विचारून कागद पुढे ओढला. मी क्रमाने सांगत गेलो. आल्याच्या चोथ्यापर्यंत त्या लिहीत होत्या. मलमापाशी त्यांनी पेन खाली ठेवलं, बाहेरच्या मदतनीस मुलीला आत बोलावलं आणि म्हणाल्या, 'आता परत सांगा.'

पण बाई होत्या चांगल्या. त्यांनी माझ्या डोळ्याखालची कातडी बोटाने हलकेच ताणली, मग समोरून बॅटरी मारली आणि प्रत्येक वेळी काय बघतात ते हिला समजावून सांगितलं. ताणल्यावर काळेपणा तसाच राहिला तर तो कातडीतल्या रंगाचा. तो उन्हाने, चोळण्याने, ॲलर्जीच्या खाजेने वाढतो. ताणल्यावर जास्त निळसर दिसला तर तो पातळ कातडीतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांचा. आणि समोरून उजेड पडताच नाहीसा झाला, तर ती नुसती खळग्याची नाहीतर पिशवीची सावली.

'आणि यांचं?' हिने विचारलं.

'यांच्यात तिन्ही आहेत.'

आयुष्यात कुठल्याच विषयात मला इतकं संपूर्ण यश मिळालं नव्हतं. मी जरा ताठ बसलो. बाई पुढे म्हणाल्या की पापण्यांची कातडी ही अंगावरची सर्वांत पातळ, जाडीला एक मिलिमीटरसुद्धा नाही, तिच्यात तेलाच्या ग्रंथी अगदी थोड्या. तळव्याला जे चालतं ते तिथे चालत नाही. पिशवी म्हणाल तर डोळ्याच्या खोबणीत चरबीची गादी असते, तिला आत धरून ठेवणारा पडदा वयाबरोबर सैल पडतो आणि गादी पुढे येते. कोणतंही क्रीम तिला आत ढकलू शकत नाही; फार झालं तर शस्त्रक्रिया. हिने शस्त्रक्रियेचा खर्च विचारला. तो ऐकून म्हणाली, 'राहू दे बाहेरच.'

मग सकाळी सकाळी डोळे सुजतात का, लघवीला फेस येतो का, पायावर सूज असते का, असे प्रश्न झाले, कारण सकाळची डोळ्यांभोवतीची सूज ही कधीकधी मूत्रपिंडाची पहिली तक्रार असते, कधी थायरॉइडची. तिथे काकडीवर वेळ घालवणं परवडत नाही. रक्त-लघवी तपासली. सगळं उत्तम निघालं.

'रात्री जेवणात काय असतं?' बाईंनी विचारलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण विषय निघाला जेवणाचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आमच्याकडे साठवणीवर भागवतात, आणि साठवण संपेपर्यंत नंतरही तीच चालते. वलांडीवर वाळवलेले बोंबील, सोडे, करंदी, आणि निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा. त्यासोबत पापड, कैरीचं लोणचं आणि तोंडी लावायला मिरचीचा खर्डा, असं सगळं मी रंगून सांगितलं. बाई वसईच्याच असणार. मध्ये एकदा त्यांनी आवंढा गिळला. मग कर्तव्य आठवून म्हणाल्या, 'रात्री दहाला एवढं मीठ पोटात घालून लगेच सपाट आडवे होता. मीठ पाणी धरून ठेवतं आणि आडवं पडल्यावर ते डोळ्यांखाली जमा होतं. उठून हिंडायला लागलं की उतरतं. रात्रीचं खारं बंद करा, उशी उंच घ्या, सकाळी गार पाण्याची घडी ठेवा, डोळे चोळू नका, उन्हात जाताना सनस्क्रीन आणि गॉगल. ते क्रीम सध्या बंद. पुढे लावलंत तर दाण्याएवढंच. आणि झोप किती होते?'

'घरची सांगू की गाडीतली?'

बाईंनी कागदावर काहीतरी खरडून खाली दोन रेघा मारल्या. घरी आल्यावर हिने वाचून दाखवलं: 'रुग्णाला बसू द्यावे.' तो कागद मी डब्यात सगळ्यांना फिरवून दाखवला. डॉक्टरचा शिक्का बघून ग्रुपने मला माझी जागा परत केली. मूळव्याध बरी झाल्याबद्दल पेढे तेवढे मागितले.

खारा बांगडा बंद झाल्यावर सूज खरोखरच उतरली. सोललेली कातडी भरून आली. पण गादी आणि सावली जागच्या जागी. लग्नाच्या सकाळी भाचीने तिच्या ब्यूटिशियनला माझ्यावर सोडलं. त्या मुलीने आधी माझ्या डोळ्यांखाली चक्क नारिंगी रंग फासला. निळसर काळ्याला नारिंगी मारतो, मग त्यावर कातडीच्या रंगाचा लेप, त्यावर पावडर, असं तिचं शास्त्र. काम संपल्यावर तिने हसायचं नाही, घाम पुसायचा नाही आणि काहीही झालं तरी रडायचं नाही अशी ताकीद दिली. आरशात बघितलं तर समोर एक अनोळखी, नुकताच महाबळेश्वरहून आलेला गृहस्थ उभा. मी त्याला नमस्कार केला.

मुहूर्ताची वेळ झाली. गुरुजींनी पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मी वधूच्या खोलीपाशी गेलो तर दारातल्या आजींनी हात आडवा घातला. 'पुरुषांनी बाहेर थांबा. मामा यायचेत अजून.'

'अहो आजी, मीच मामा.'

'मी ओळखते त्याला. त्याचे डोळे असे असतात,' असं म्हणून आजींनी स्वतःच्या गालांवर दोन्ही हातांनी दोन मोठ्या पिशव्या काढून दाखवल्या. गुरुजींनी दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मांडवात चुळबूळ सुरू झाली, वरपक्षाकडे मामा रुसल्याची बातमी पोचली आणि मानाचा आहेर वाढवायचा का यावर विहीणबाईंची कुजबूज सुरू झाली. शेवटी आतून भाचीने माझा आवाज ओळखला. मी तिला घेऊन चालत गेलो, कॅमेऱ्यांनी पुढून, बाजूने, डोक्यावरून टिपलं, आणि ओळीतल्या तिसऱ्या खुर्चीवरची बाई शेजारणीला विचारत होती, 'हा कोण? मामा कुठेय?'

पाठवणीला ब्यूटिशियनची ताकीद कोण लक्षात ठेवतो? ताई रडली, भाची रडली, मग मी रडलो, चांगला हुंदके देऊन. आधी पावडर गेली, मग लेप गेला, आणि गालांवरून हनुवटीपर्यंत दोन नारिंगी ओहोळ उतरले. ते बघून भाचीच्या जिवात जीव आला. 'हा बघ माझा मामा,' ती नवऱ्याला म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती दोघं केरळला फिरायला गेली. तिथून एका सकाळी तिने फोटो पाठवला: होडीत बसलेली, तोंडाला मेकअपचा थेंब नाही, लग्नाच्या धावपळीतली जागरणं सगळी चेहऱ्यावर. मी फोटो मोठा करून बघितला. डोळ्यांभोवती फिकट वर्तुळ. त्याखाली अगदी कोवळी, नुकती अंकुरलेली पिशवी. उजवीकडची जरा मोठी. मी ताईला फोन लावला आणि तिचेही डोळे आरशात बघायला लावले. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. हक्कसोड पत्रात जमीन होती, विहीर होती, कलमं होती, घराच्या भिंतीसुद्धा मापून लिहिल्या होत्या. हे कलम लिहायचं राहून गेलं होतं. आणि वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीने आहे, तिथे कोण काय करणार?

संध्याकाळी भाचीचा फोन आला. आवाज पडलेला होता.

'मामा, मी पाठवलेलं ते क्रीम उरलंय का रे थोडं?'

मी बाटली उघडून उजेडात धरली. उरलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं.